नोव्हेंबरातलं वजन

सायकल शर्यतींचा इतिहास वाचायला घेतला की एक गोष्ट पटकन लक्षात येते. ऑक्टोबरच्या मध्यावर पुस्तक गप्प होतं आणि एकदम मार्चमध्ये बोलायला लागतं. जुलैतल्या एकेका घाटावर चाळीस-चाळीस पानं आणि मधल्या साडेचार महिन्यांसाठी काय? तर "हिवाळ्यात त्याने विश्रांती घेतली." संपलं! मला मात्र नेमका तोच भाग हवा असतो. हे लोक नोव्हेंबरात काय करत होते, काय खात होते, आणि त्यांचं वजन किती होतं?

वजनाचं एवढं काय, असं विचाराल तर सांगतो. चढावर तुमचा वेग मुख्यतः एका भागाकारावर ठरतो. तासभर टिकवता येईल अशी पायातली ताकद, वॅटमध्ये, भागिले तुमचं वजन, किलोमध्ये. वॅट प्रति किलो. म्हणजे वेग वाढवायचा तर अंश वाढवा, नाहीतर छेद कमी करा. सहावीतलं गणित आहे. आणि हौशी पण हिरीरीने शर्यती करणाऱ्या माणसाला ऑफ-सीझनमध्ये दुसरा मार्ग फार सोपा वाटतो. अंश वाढवायला वर्षं लागतात, छेद काय, आज रात्रीचं जेवण टाळलं की उद्या सकाळी काट्यावर दिसतो.

हा मोह आला कुठून, ते शोधता शोधता मी बराच मागे गेलो.

सुरुवातीला ऑफ-सीझन नावाची चीजच नव्हती. रस्त्यावरच्या शर्यती संपल्या की पोटासाठी स्वार हॉलमध्ये शिरायचे. सहा-सहा दिवस लाकडी ट्रॅकवर गोल गोल फिरायच्या शर्यती, सिक्स-डे. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १८९१ पासून हा प्रकार चालू होता, आणि एकच माणूस जवळजवळ न झोपता सहा दिवस चालवायचा. लोकांना भास होत, पडत, आणि प्रेक्षक तेच बघायला येत. शेवटी १८९८ मध्ये कायदा करून एका माणसाने दिवसाला बारा तासांपेक्षा जास्त चालवू नये असं ठरलं. आयोजकांनी लगेच तोड काढली, दोघांची जोडी करा, शर्यत चोवीस तास चालूच! ऑलिंपिकमधल्या 'मॅडिसन' या प्रकाराचं नाव तिथून आलं. (आपल्याकडच्या सपोर्ट प्रोजेक्टमधल्या शिफ्टसुद्धा याच तत्त्वावर चालतात.)

युरोपात दुसरा हिवाळी उद्योग म्हणजे सायक्लोक्रॉस. चिखलातून, शेतांतून, जमेल तिथे सायकल चालवायची आणि नाही जमलं तर ती खांद्यावर टाकून पळायचं. दानिएल गूसो नावाच्या फ्रेंच सैनिकाने याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९०२ मध्ये भरवली. १९१० ची टूर द फ्रान्स जिंकल्यावर ऑक्ताव्ह लापीझने आपल्या यशाचं श्रेय हिवाळ्यातल्या या चिखलाला दिलं आणि खेळ एकदम लोकप्रिय झाला. म्हणजे ऑफ-सीझन ट्रेनिंगचा पहिला गाजलेला सल्ला 'पळा आणि चिखलात लोळा' असा होता. त्यात खाण्याबद्दल अवाक्षर नाही.

वजनाचा विचार तेव्हा नव्हता असं मात्र नाही. १९४७ चा टूरविजेता जाँ रोबिक उंचीला पाच फूट तीन-चार इंच. चढावर चपळ, पण उतारावर हलकेपणामुळे मागे पडायचा. त्याचा किस्सा असा सांगतात की घाटमाथ्यावर तो शिसं भरलेली पाण्याची बाटली उचलायचा आणि त्या वजनावर खाली सुटायचा. हा माणूस १९५० मध्ये सायक्लोक्रॉसचा पहिला जागतिक विजेताही झाला. मला हा किस्सा आवडतो, कारण त्यात वजनाकडे बघायची नजर अगदी इंजिनिअरची आहे. चढाला नको, उताराला हवं, तर मग माथ्यावर उचला. स्वतःच्या अंगातून काही कमी करायचा प्रश्नच नाही.

एडी मर्क्ससुद्धा हिवाळ्यात थांबायचा नाही. १९७२ मध्ये जिरो आणि टूर दोन्ही जिंकून, वर २५ ऑक्टोबरला मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम केला. कारकिर्दीत त्याने सतरा सिक्स-डे शर्यती जिंकल्या, बहुतेक पॅट्रिक सेर्क्यूच्या जोडीने. अशा माणसाला हिवाळ्यात पोट सुटणार कधी?

पण सगळे मर्क्स नसतात. ऐंशीच्या दशकात पगार वाढले, हिवाळ्यातल्या हॉल-शर्यतींची गरज कमी झाली, आणि काही स्वार आख्खं वर्ष एका जुलैसाठी बेतायला लागले. ग्रेग लेमाँड हे त्याचं मोठं उदाहरण. १९९० च्या वसंतात तो आजारपणामुळे पार मागे पडत होता, वर्तमानपत्रं त्याला मोडीत काढत होती, आणि जुलैत त्याने टूर जिंकली. ही पद्धत अशी होती की नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वजन वाढू द्यायचं, फेब्रुवारीपासून शर्यतींमध्येच ते उतरवायचं. शर्यत हेच ट्रेनिंग. फ्रेंच-बेल्जियन जुनी मंडळी हिवाळ्यातल्या चार-पाच किलोंकडे शेतकरी पावसाळ्याकडे बघतो तसं बघायची. येणारच, आलेलं बरं.

आणि मग यान उलरिख आला.

उलरिख १९७३ मध्ये पूर्व जर्मनीतल्या रोस्टॉकला जन्मला. तिथल्या सरकारी क्रीडाशाळेत घडला, आणि भिंत पडल्यावर १९९३ मध्ये ऑस्लोला हौशी गटाचा जागतिक विजेता झाला. १९९६ च्या टूरमध्ये आपल्याच संघाच्या बियार्न रीसमागे दुसरा. १९९७ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, पहिला, तोही नऊ मिनिटांहून जास्त फरकाने. हा आता दहा वर्षं जिंकणार, असं सगळे म्हणत होते.

त्या हिवाळ्यात त्याचं वजन वाढलं. दहा किलो म्हणा, त्याहून जास्त म्हणा, प्रत्येक वर्तमानपत्राचा आकडा वेगळा. कालपर्यंत एका ठरीव वेळापत्रकात वाढलेला पोरगा, देशाचा हिरो झालेला, सगळीकडे सत्कार आणि मेजवान्या. मला तरी त्यात फार नवल वाटत नाही. पण तेव्हापासून दर वसंतात जर्मन पेपरांचा एक ठरलेला खेळ सुरू झाला, उलरिखच्या पोटाचा फोटो. एखाद्या धावपटूच्या देहाची इतकी वर्षं, इतक्या नियमितपणे सार्वजनिक मोजदाद क्वचितच झाली असेल.

आणि १९९८ च्या टूरमध्ये तो हरला. २७ जुलै, ग्रेनोबल ते ले दोझ आल्प. थंडी, पाऊस. उलरिख पिवळ्या जर्सीत, मार्को पंतानी त्याच्या तीन मिनिटं मागे. २,६४२ मीटर उंचीच्या गालिबिए घाटात पंतानीने हल्ला केला, आणि उतारावर सुटण्याआधी थांबून पावसाळी जॅकेट चढवलं. उलरिख गारठला, त्याचं खाणं चुकलं, वर टायर पंक्चर झालं. शेवटच्या चढावर त्याचे डोळे सुजलेले, पाय बंद पडलेले. पंतानीपेक्षा ८ मिनिटं ५७ सेकंद उशिरा पोचला. टूर गेली.

पुढची पंचवीस वर्षं ही गोष्ट 'हिवाळ्यात खाल्लं म्हणून जुलैत हरला' अशी सांगितली गेली. सोपी गोष्ट, पचायला बरी. पण निकाल नीट बघा. दुसऱ्याच दिवशी मादलेन घाटात उलरिखने हल्ला केला, फक्त पंतानी त्याच्यासोबत टिकला, आणि आल्बेरव्हिलला उलरिख जिंकला. त्या टूरमधल्या दोन्ही लांब टाइम ट्रायलही त्यानेच जिंकल्या. शेवटी दुसरा आला, फक्त ३ मिनिटं २१ सेकंदांनी. जाडीमुळे हरलेल्या माणसाचा निकाल असा दिसतो का? जो एक दिवस गेला तो पावसात उपाशी राहिल्याने गेला. म्हणजे त्याची टूर घालवली ती जास्त खाल्ल्याने की कमी खाल्ल्याने, हा प्रश्न मला तरी उघडा वाटतो.

अर्थात त्या दोघांची अजून एक बाजू आहे, आणि ती न सांगता पुढे जाणं लबाडी होईल. जुलै २०१३ मध्ये फ्रेंच सिनेटच्या अहवालात १९९८ च्या साठवलेल्या नमुन्यांची यादी आली. ईपीओ सापडलेल्यांमध्ये पंतानी आणि उलरिख दोघंही होते. पंतानी तोवर जगात नव्हता, फेब्रुवारी २००४ मध्ये रिमिनीच्या एका हॉटेलात वारला. उलरिखने नोव्हेंबर २०२३ मध्ये सगळं कबूल केलं.

आता त्या भागाकाराकडे परत या. ईपीओ हे औषध रक्तातल्या लाल पेशी वाढवतं, पेशी जास्त तर स्नायूंना प्राणवायू जास्त, म्हणजे अंश जास्त. नव्वदच्या दशकात सगळा अंश इंजेक्शनने वर चालला होता. पण हे जाहीर सांगता येत नव्हतं ना! मग पत्रकारांनी विचारलं, "इतके वेगात कसे हो चढता?", तर उत्तर काय द्यायचं? उत्तर होतं छेद. वजन कमी केलं.

इटालियन डॉक्टर मिकेले फेरारीचा प्रसिद्ध आकडा होता ६.७ वॅट प्रति किलो. टूर जिंकायला एवढं लागतं. डॅनियल कॉयलच्या २००५ च्या पुस्तकामुळे तो जगभर पोचला. कुठल्याही इंजिनिअरच्या डोक्यात असा आकडा शिरला की निघत नाही. स्पेसिफिकेशनच मिळालं की! पण ते कुठल्या रक्तावर काढलेलं आहे, हे त्या ओळीत लिहिलेलं नसतं.

लान्स आर्मस्ट्राँगची गोष्ट तर याच साच्यातली. कर्करोगाने अंगावरचं मांस उतरलं, हलका होऊन परत आला, आणि म्हणून घाटात उडायला लागला. स्वयंपाकघरात तराजू ठेवून पास्ता मोजून खातो, ही गोष्ट त्याच्या चाहत्यांनी वेदवाक्यासारखी पसरवली. याला शास्त्राचा आधारही मिळाला. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या एडवर्ड कॉयल यांनी (पुस्तकवाले डॅनियल कॉयल वेगळे, गोंधळ करू नका) १९९२ ते १९९९ मध्ये आर्मस्ट्राँगच्या चाचण्या घेतल्या आणि २००५ मध्ये निबंध छापला. स्नायूंची कार्यक्षमता ८ टक्क्यांनी सुधारली, त्यात घटलेलं वजन धरलं तर वॅट प्रति किलोमध्ये १८ टक्के वाढ.

हा निबंध मी एका रविवारी बसून वाचला, आणि त्यातल्या वजनाच्या रकान्यावर थबकलो. नोव्हेंबर १९९२, प्रयोगशाळेतलं वजन जवळपास ७९ किलो. नोव्हेंबर १९९९, म्हणजे पहिली टूर जिंकल्यानंतर चार महिन्यांनी, जवळपास ८० किलो. वाढलेलंच! मग कमी झालेलं वजन आलं कुठून? टूरच्या वेळी ७२ किलो होतो, असं स्वतः आर्मस्ट्राँगने सांगितलेलं. तो आकडा त्या प्रयोगशाळेच्या काट्यावर कधी आलाच नाही. शास्त्रज्ञांनी पुढे या निबंधावर बरीच टीका केली, ती कार्यक्षमतेच्या गणितावरही होती. २०१२ मध्ये अमेरिकन उत्तेजकविरोधी संस्थेचा अहवाल आला, सातही टूर काढून घेतल्या गेल्या, जानेवारी २०१३ मध्ये टीव्हीवर कबुली झाली. त्यावर जगाने भरपूर लिहिलंय. मला त्यातलं हे नोव्हेंबरचं ८० किलो सगळ्यात बोलकं वाटतं. जगभर शिस्तीचा पुतळा म्हणून मिरवलेला माणूस आणि जगभर खादाड म्हणून हिणवलेला उलरिख, ऑफ-सीझनमध्ये दोघंही अंगाने भरलेले होते. एकाचा फोटो पेपरात आला, एवढाच फरक.

छेदाचं वेड तेव्हा खोटंच होतं असं मात्र समजू नका. ते खरं होतं आणि भयंकर होतं. टायलर हॅमिल्टनच्या २०१२ च्या पुस्तकात रीसने शिकवलेली युक्ती आहे. लांब ट्रेनिंग करून घरी या, सोड्याचं पाणी भरपूर प्या, झोपेच्या गोळ्या घ्या, आणि जेवणाच्या वेळी झोपलेले असा. म्हणजे भुकेला बायपास! वाचताना पोटात कालवलं माझ्या. हे लोक अंशही वाढवत होते आणि छेदही कापत होते. पण एवढं कापूनही शरीर दुसऱ्या दिवशी उभं राहत होतं, त्यामागे औषधांचा टेकू होता. हा भाग मात्र खाली कुणापर्यंत पोचला नाही.

खाली म्हणजे आपल्यासारख्यांपर्यंत. हौशी लोकांकडे ही गोष्ट कशी आली, तेही बघण्यासारखं आहे. उलरिख शोबेरर या जर्मन इंजिनिअरने १९८६ मध्ये पेडलच्या क्रँकमध्ये स्ट्रेन गेज बसवून एसआरएम नावाचा पॉवरमीटर काढला. आधी तो मूठभर व्यावसायिकांकडे होता. १९९६ मध्ये जो फ्रीलचं 'सायक्लिस्ट्स ट्रेनिंग बायबल' आलं. सोव्हिएत मत्वेयेव्ह आणि रुमानियन बोम्पा यांची वर्षाचे टप्पे पाडायची पद्धत त्याने नोकरी-धंदा करणाऱ्या माणसाच्या कॅलेंडरात बसवली. विश्रांती, पाया, चढती, शिखर. एका अर्थी 'ऑफ-सीझन' ही कल्पना हौशी माणसाला या पुस्तकाने दिली. २००६ मध्ये हंटर अ‍ॅलन आणि अँड्र्यू कॉगन यांचं पॉवरमीटरवरचं पुस्तक आलं, त्यात ते सुप्रसिद्ध कोष्टक. डावीकडे वर्ग, उजवीकडे पाच सेकंदांपासून तासापर्यंतचे वॅट प्रति किलो. नवशिक्यापासून जागतिक दर्जापर्यंत सगळे एकाच पानावर. आपण कुठे आहोत ते बोट ठेवून बघायचं. कोष्टक चांगलंच आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण एकदा आपली ओळ सापडली की वरच्या ओळीत कसं जायचं हे डोकं शोधायला लागतं, आणि छेद समोरच पडलेला असतो.

आकडेमोड करूनच बघा. एक स्वार ७२ किलो, तासाची ताकद २६० वॅट. ३.६१. पाच किलो उतरवले आणि ताकद तशीच राहिली तर ३.८८. वा! पण घाट चढताना सायकल, बाटल्या, बूट हेही वर न्यायचे असतात, ते धरा ९ किलो. मग खरा फायदा साडेसात टक्क्यांवरून साडेसहाच्या आसपास येतो. आणि मुख्य म्हणजे 'ताकद तशीच राहिली तर'. या उतरणीत १८ वॅट गेले की भागाकार पुन्हा ३.६१ वर. वर सपाट रस्त्यावर आता तुम्ही १८ वॅटने हळू, कारण तिथे वजनापेक्षा हवा जास्त आडवी येते. उपाशीपोटी ट्रेनिंग करून १८ वॅट घालवणं अजिबात अवघड नाही.

वॅट गेले तर परत येतात हो. हाडांचं तसं नाही.

ओहायो विद्यापीठातल्या अ‍ॅन लाउक्स यांनी नव्वदच्या दशकापासून फार साधा प्रश्न धरून ठेवला. खाल्लेल्यातून व्यायामात जळलेलं वजा केलं, तर बाकी शरीर चालवायला किती उरतं? २००३ च्या त्यांच्या प्रयोगात तरुण स्त्रियांना पाच दिवस मोजून खायला आणि मोजून व्यायाम दिला. चरबी सोडून उरलेल्या दर किलोमागे ४५ किलोकॅलरी उरल्या तर सगळं ठीक. ३० च्या खाली गेल्यावर पाळीचं नियमन करणाऱ्या संप्रेरकांची लय बिघडली. पाच दिवसांत! शरीर सरळ बिगर-जरुरी प्रोसेस बंद करायला लागतं, आणि प्रजनन आणि हाडांची डागडुजी त्या यादीत वर असतात.

बरीच वर्षं हा 'बायकांचा प्रश्न' म्हणून बाजूला ठेवला गेला. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 'रेड-एस' म्हणजे खेळातली सापेक्ष ऊर्जातूट ही संकल्पना मांडली आणि पुरुषांनाही त्यात धरलं. (तीसचा उंबरठा पुरुषांना जसाच्या तसा लागू होत नाही, त्यांचा कदाचित थोडा खाली असेल, पण उंबरठा आहे.) २०१८ मध्ये ब्रिटिश डॉक्टर निकी की आणि सहकाऱ्यांनी शर्यती करणाऱ्या ५० पुरुष सायकलपटूंची तपासणी केली. २८ टक्के ऊर्जातुटीत. ४४ टक्क्यांची कमरेच्या मणक्यांची घनता वयाच्या मानाने कमी. सायकलवर शरीराचं वजन सीट उचलते, हाडांना धक्का बसत नाही, त्यामुळे ती आधीच आळशी झालेली असतात. वर खाणं तोडलं की संपलंच. याच अभ्यासात वॅट प्रति किलोचा संबंध ट्रेनिंगच्या भाराशी सापडला. अंगातल्या चरबीच्या टक्क्यांशी लक्षणीय संबंध सापडला नाही. इतकी वर्षं आपण जो छेद घासत होतो, त्याच्याशी नाही!

हे मी का लिहितोय तर आपल्याकडे आत्ता हेच सुरू आहे. महाराष्ट्रात हिवाळा हाच शर्यतींचा मोसम, पुणे-गोव्यासारख्या लांबच्या शर्यती नोव्हेंबरात असतात. म्हणजे आपला ऑफ-सीझन पावसाळा. जून उजाडला की आमच्या सायकलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर सोमवारी वजनकाट्यांचे फोटो. "भात बंद केलाय." "मी रात्रीचं जेवणच बंद केलंय." अंगठे, टाळ्या, आगीच्या ज्वाळा. सगळे आयटीवाले, बँकवाले, डॉक्टरसुद्धा आहेत एक-दोन. मागच्या वर्षी त्यातल्या एकाने, वय ३१, पाठदुखीसाठी तपासणी केली तर मणक्यांच्या घनतेचा रिपोर्ट असा आला की डॉक्टरांनी त्याला "स्टिरॉइड घेत होता का?" असं विचारलं. तो फक्त भात घेत नव्हता.

त्याच्यासारख्याचं गणित मांडतो. वजन ६६, चरबी १२ टक्के, म्हणजे चरबीविना ५८ किलो. गॅलरीत ट्रेनरवर दीड तास सरासरी २०० वॅट, म्हणजे १,०८० किलोज्यूल. माणसाच्या इंजिनाची कार्यक्षमता साधारण चोवीस टक्के आणि एका किलोकॅलरीत ४.१८ किलोज्यूल, हे दोन्ही एकमेकांना जवळजवळ खोडतात, त्यामुळे जळालेल्या किलोकॅलरी तितक्याच धरायच्या, १,०८०. (निसर्गाने इंजिनिअरांवर केलेला हा एक उपकार.) दिवसभरात खाल्लं २,२००. उरलं १,१२०. भागिले ५८, आलं १९. लाउक्सबाईंचा उंबरठा ३०. आणि २,२०० हा आकडा ऑफिसात बसणाऱ्या माणसाच्या डाएट अ‍ॅपला एकदम शहाणा, संतुलित वाटतो, हिरवी खूण देतो.

व्यावसायिक जग मधल्या काळात उलट दिशेला निघालं, हे गमतीशीर आहे. २००० नंतरच्या दशकात बर्मिंगहॅममध्ये आस्कर युकेनड्रुप यांच्या गटाने दाखवलं की ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिसळून दिलं तर तासाला ६० ऐवजी ९० ग्रॅम कर्बोदकं पचवता येतात, कारण आतड्यात दोघांचे दरवाजे वेगळे. आता काही संघ शर्यतीत तासाला १०० ते १२० ग्रॅमपर्यंत जातात, आणि आतड्याला त्याची सवय हिवाळ्यातच लावतात. जुलै २०२४ मध्ये तादेय पोगाचारने प्लातो द बेय हा चढ चाळीस मिनिटांच्या आत चढला, पंतानीच्या १९९८ च्या वेळेपेक्षा साडेतीन मिनिटांहून जास्त लवकर. यात सायकलींचा वाटा किती, खाण्याचा किती, आणि आणखी कशाचा, यावर वाद चालू आहेत आणि चालू राहावेत. सायकलिंगच्या इतिहासाने एवढी तरी सवय आपल्याला लावायला हवी. पण त्या काळातल्या उपाशी माणसांच्या वेळा आज भरपेट खाणारा माणूस मोडतोय, एवढं तरी घड्याळात दिसतं.

निकी की यांच्या गटाने २०१९ मध्ये पुढचा प्रयोग छापला. अशाच स्वारांना सहा महिने खाण्याचा आणि हाडांवर भार देणाऱ्या व्यायामाचा सल्ला दिला. ज्यांनी ऐकलं त्यांची मणक्याची घनता सुधारली. ज्यांनी खाणं आणखी तोडलं त्यांची घटली. म्हणजे हाडंही अगदीच हट्टी नाहीत, सहा महिन्यांत थोडं ऐकतात. आपल्या जून ते नोव्हेंबरला पुरेल इतका वेळ.

म्हणून यंदा ग्रुपमधल्या आम्ही चौघांनी पावसाळ्याचा तक्ता वेगळा केलाय. आठवड्यातून दोनदा जिममध्ये स्क्वॉट आणि डेडलिफ्ट, दोनदा दोरीच्या उड्या (खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन गेले, आता पार्किंगमध्ये उड्या), ट्रेनरवर तासाहून जास्त बसायचं असेल तर आधी केळं आणि नंतर व्यवस्थित जेवण. वजन महिन्यातून एकदा, फोटो नाही. ज्याला दोन-तीन किलो खरोखर कमी करायचेत त्याने ते आत्ता, मुख्य ट्रेनिंग सुरू व्हायच्या आधी, आठवड्याला पाव किलोच्या वेगाने. पाठदुखीवाल्याचा पुढचा स्कॅन डिसेंबरात आहे. चौघांचे वॅटही तेव्हाच मोजू, आकडे आले की इथे टाकतो.